नवसाचा कोंबडा

वाडीत आठ दिवस कोंबडा आरवला नव्हता. नवव्या दिवशी आरवला, आणि नेमका रेवाळ्यांच्या पडवीत राखणीची बैठक भरलेली असताना आरवला.

दादू बशीतला चहा फुंकत होता. त्याचं फुंकणं जागच्या जागी थांबलं. वर कातळावरून, आंब्याच्या बागेतल्या मांगराकडून, अवजारं ठेवायच्या खोपटाकडून, आवाज आला होता. खणखणीत, लांबलचक, आठ दिवसांची कसर भरून काढणारा. एरवी पहाटेपासून चाळीस कोंबडे एकमेकांवर ओरडायचे, तेव्हा कुणी मान वर करत नसे. आज पडवीतल्या सगळ्यांनी मान वर केली, मग एकेकानं ती दादूकडे वळवली.

"मांगर कुनाचा हाय वर?" गंगारामनं विचारलं. गंगाराम शेजारचा भाऊबंद, बांधाला बांध लागलेला. मांगर कुणाचा हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं. पण त्याला ते दादूच्या तोंडून हवं होतं.

"माजा," दादू म्हणाला.

"आनी कोंबडा?"

"त्यो माजा नाय."

यात दादू खोटं बोलत नव्हता. निदान त्याच्या मते नव्हता. गेल्या वर्षी राखणीनंतर हर्षद, दादूच्या थोरल्या भावाचा मुलगा, ज्या जहाजावर होता ते जहाज कुठल्याशा परक्या बंदरात चार महिने अडकून पडलं होतं. पिण्याचं पाणी मापानं मिळायचं, फोन लागला तर लागला. तेव्हा दादूनं वाडीच्या सीमेवरच्या राखणदारापुढे हात जोडले होते: पोरगा घरी येऊ दे, माझ्या हातानं वाढवलेला कोंबडा तुझ्या राखणीला देईन. पोरगा हाडं मोजून घ्यावीत असा, पण घरी आला. दादूनं पिल्लांतून एक तांबडा, काळ्या शेपटीचा निवडून बाजूला काढला, आणि त्या दिवसापासून तो कोंबडा दादूचा राहिला नाही. तो देवाचा झाला. म्हणून मागच्या सोमवारी सरकारी माणसं पांढरे अंगरखे चढवून वाडीत आली आणि त्यांनी विचारलं, "आजोबा, कोंबडी एवढीच?" तेव्हा दादू म्हणाला, "माजी एवडीच." आणि कागदावर सही केली. तो वाडीचा मानकरी. त्याच्या शब्दावर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"नवसाचा हाय त्यो," दादू आता म्हणाला. "राखनदाराचा. मी नुसता सांबालतो."

पडवीत कुजबुज झाली. आणि गंमत अशी की ती रागाची नव्हती. पुढच्या मंगळवारी राखण, सीमेवरच्या देवाचा वर्षाचा मान. सालाबादप्रमाणे घरटी एक कोंबडा सीमेवर जायचा, मुंबईची माणसं रजा टाकून यायची, आणि यंदा सगळ्या वाडीत द्यायला एक पीस उरलं नव्हतं. आता निदान एक तरी निघाला.

"काकानं बरं केलं," हर्षद म्हणाला. तो उठून उभाच राहिला. "गुरांच्या दवाखान्याची माणसं आज दहाला येणार हायत ना फवारणीला? त्याच्या आधी उरकून टाकूया. आत्ताच नेऊ सीमेवर. मंगळवार काय नि आज काय, देवाला सगळे दिवस सारखे."

"व्हय, उरकून टाका," गंगाराम म्हणाला. मग त्याला खरा विषय आठवला, आणि त्यानं माजघराच्या दाराकडे तोंड केलं. "ह्ये सगलं त्या एका फोनापाई. कोंबड्यांवर मानमोडी आलेली काय आमी कदी बगितली नाय? चार मरतात, चार जगतात. पन नाय! आमच्या सुनंला सरकार बोलवायचं व्हतं."

दारात योगिनी उभी होती, हर्षदची बायको. ती खेडची, बारावीपर्यंत शिकलेली, आणि घराच्या पाठी दीडशे गावठी कोंबड्यांची शेड तिनं स्वतःच्या हिमतीवर उभी केली होती. दोन दिवसांत तीस मेल्या, तुरे काळेनिळे पडून. सगळे म्हणाले, उरलेल्या गुहागरच्या बाजारात काढून टाक. तिनं दवाखान्यात फोन केला. नमुने पुण्याला गेले, तिथून भोपाळला, आणि उत्तर आलं: बर्ड फ्लू. मग कलेक्टरांचा हुकूम निघाला. भोवतालच्या एक किलोमीटरातली सगळी कोंबडी मारून चुन्यात पुरायची, आणि दहा किलोमीटरात एक पीसही इकडचं तिकडे न्यायचं नाही. कायदा दोन हजार नऊचा होता. वाडीला तो आठ दिवसांपूर्वीच कळला. तेव्हापासून बोरिंगवर बायका योगिनीला पाहून हंडा उचलत होत्या. दादू स्वतः तिच्याशी आठ दिवस बोलला नव्हता.

दादूच्या रागाला आणखी एक कारण होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या दुपारी योगिनीनं फोन केला, त्याच दुपारी तो सहा कोंबड्या डालग्यात घालून एसटीच्या थांब्यावर उभा होता. डोंगरापलीकडे त्याची लेक अक्षया दिलेली. तिच्या मुलीचं बारसं होतं. लेकीकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढीच त्याची अक्कल. योगिनी धावत थांब्यावर आली आणि चारचौघांत तिनं डालग्याला हात घातला. "काका, ह्या न्यायच्या नाहीत." थांब्यावरची पोरं हसली. दादू डालगं घेऊन परत फिरला आणि बारशाला गेलाच नाही.

"चला मग," हर्षद म्हणाला. "कोयती कुठं हाय?"

"बस खाली!"

हा आवाज आनंदीबाईचा. हर्षदची आई, दादूची थोरली वहिनी, आणि गेले आठ दिवस सुनेवर सगळ्यांत जास्त चिडलेली बाई. ती आता उठेल आणि योगिनीला चार शब्द सुनवील, अशी दादूची अपेक्षा होती. ती उठली खरी. पण आली ती दादूसमोर.

"भावोजी, माजी कवडी कोंबडी अंड्यांवर बसलेली व्हती," ती म्हणाली. "एकोनीस दिस झालं व्हतं. अंड्यांत पिल्लं बोलायला लागली व्हती. मी कान लावून आयकलं. त्या पोरीनं, त्या डाक्टरनीनं हात फुडं केला, तवा मी तिला पाटीसकट उचलून दिली. मनात म्हटलं, सगल्या वाडीनं दिलीत, मानकऱ्यानं दिलीत, मी कोन लागून गेले?" तिचा आवाज फाटला. "आनी तुमी वर तांदूल न्यून घालत व्हतात?"

"वयनी, नवस तुज्याच पोराचा हाय गो."

"म्हनून तर! माज्या पोराच्या नवसाला असला चोरटा कोंबडा मना नको."

पडवीत कुणी चहाचा घोटही घेईना. गंगाराम छपराची कौलं बघू लागला. सत्तर वर्षांत दादूला चोर कुणी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं ते घरच्या बाईनं, ज्या भावजयीच्या हातचं तो जन्मभर जेवला होता तिनं. त्याला राग यायला हवा होता. तो आला नाही. त्यानं बशी खाली ठेवली.

"योगिनी," तो म्हणाला. आठ दिवसांनी तिचं नाव त्याच्या तोंडात आलं, आणि ते जरा अडखळलं. "तुज्या डाक्टरनीला फोन लाव. म्हनावं, फवारनीच्या आदी वर मांगरावर या."

"काका, दंड होईल हां," हर्षद म्हणाला.

"होऊ दे."

कातळाची चढण दादू रोज चढायचा, पण आज त्याला दोनदा थांबावं लागलं. योगिनी मागून येत होती, मास्क आणि हातमोजे पिशवीत घेऊन. दोन्ही बाजूंनी आंब्याला मोहोर भरून आला होता आणि त्याचा वास अंगाखांद्यावर बसत होता.

"तुला कदी कललं?" दादूनं न वळता विचारलं.

"काल संध्याकाळी. मी करवंदीच्या जाळीकडे शेळी शोधायला आले होते. मांगराच्या दाराबाहेर कोंबड्याची विष्ठा दिसली."

"मग काल का नाय फोन केलास? तुजा तर हात बसलेला हाय."

योगिनीनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "आज डॉक्टर दहाला येणारच होत्या. म्हटलं, तोवर तुम्ही स्वतः सांगाल. नसतंत सांगितलं, तर मी सांगणार होते. रात्रभर झोप नाही लागली, काका. नवस माझ्या नवऱ्याचा आहे. मलाही भीती वाटते देवाची."

दादू वळला. त्यानं पहिल्यांदाच सुनेकडे नीट पाहिलं. पोर सुकली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. दीडशे कोंबड्या हिच्या गेल्या, आणि शिव्याही हिनंच खाल्ल्या, हे त्याच्या ध्यानात आज आलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टर वेदिका शिपायाला घेऊन वर आली तेव्हा कोंबडा मांगरात टोपलीवर चढून बसला होता. पोरगी तिशीची असेल, पण काम नेटकं. तिनं अंगरखा चढवला, दाराशी चुना मारून घेतला, दादूला दहा पावलं मागं उभं केलं आणि कागद काढला.

"मालकाचं नाव?"

"राखनदार," दादू म्हणाला.

वेदिकानं मान वर केली. "आडनाव?"

"देवाला कुटलं आडनाव?"

योगिनीनं मास्कवर हात धरला. हसू लपवत असावी. पण वेदिका हसली नाही. तिनं कागद खाली घेतला.

"आजोबा, मी देवाचं नाव लिहिलं तर सही कोण करणार?"

"मी करीन. मानकरी मी हाय."

"बरं. याला खायला कोण घालत होतं?"

"मी."

"पाणी?"

"मीच."

"कोंडून कुणी ठेवला?"

दादूला पुढचं दिसू लागलं होतं, पण उत्तर तर द्यायला हवं. "मी."

"मग कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. ज्याच्या ताब्यात जनावर, तो मालक. त्याला रोग झाला तर कळवायचं त्यानंच. देव फोन करत नाही, म्हणून कायद्यानं माणसावर टाकलंय." ती सहज बोलली, शिकवणीचा सूर न लावता. "लपवलात हे मला लिहावं लागेल. बोलावून दिलात हेही लिहीन."

दादूनं मान हलवली. आठ दिवस तो मनाशी घोकत होता, माझा नाही, माझा नाही. रोज दोन वेळा हातानं दाणे टाकत होता आणि घोकत होता. एवढी साधी गोष्ट एका परक्या पोरीनं तीन प्रश्नांत त्याच्या पदरात घातली. "लिवा," तो म्हणाला. "दादू सखाराम रेवाळे. कोंबडा माजा."

वेदिकानं नमुना घेतला. मग शिपायानं कोंबडा धरला. दादूनं दुरूनच हात जोडले आणि तोंड फिरवलं. मांगराच्या पाठी खोल खड्डा झाला, चुना पडला, माती पडली. सगळं अर्ध्या तासात झालं.

हात धुता धुता वेदिका योगिनीला म्हणाली, "अगं, एक सांगायचं राहिलं. दहा किलोमीटरातले सगळे अहवाल आले. एकही बाधित नाही. डोंगरापलीकडची ती मोठी शेड आहे ना, दोन हजार पक्ष्यांची, नवरा-बायको चालवतात? तिची मला खरी धास्ती होती. तिथं एक आजारी कोंबडी पोचली असती, तरी सगळी शेड पुरावी लागली असती. तीही साफ आहे."

"शेड कुनाची म्हनलात?" दादूनं विचारलं.

"अक्षयाताई म्हणून आहेत. लहान बाळ आहे त्यांना. आम्ही गेलो तेव्हा बाळाला कडेवर घेऊनच शेडमधून फिरत होत्या."

दादू मांगराच्या जोत्यावर बसला. त्याच्या डोळ्यांसमोर डालगं आलं, त्यातल्या सहा कोंबड्या आल्या. त्यांतली एक तेव्हाच मान टाकत होती. उन्हानं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं होतं. ते डालगं त्यानं लेकीच्या अंगणात, शेडच्या दाराशी उतरवलं असतं. कौतुकानं बाळाला दाखवलं असतं. अक्षयाचे दोन हजार पक्षी, आणि अक्षया, आणि बारा दिवसांची नात. आणि थांब्यावर, चारचौघांत, पोरं हसत असताना या सुनेनं डालग्याला हात घातला होता.

"काका, पाणी हवं का?" योगिनीनं विचारलं.

त्यानं नुसता तिचा हात धरला, चुन्यानं माखलेला, आणि आपल्या कपाळाला लावला. सासऱ्यानं असं करायचं नसतं. योगिनी घाबरून हात सोडवू लागली, तर त्यानं तो आणखी घट्ट धरला.

कोंबड्याचा अहवाल सोमवारी आला. त्याला रोग नव्हता.

"म्हंजे फुकट ग्येला की!" गंगाराम म्हणाला.

"फुकट कसा?" दादू म्हणाला. "रोग सरला, ह्ये त्यानंच तर सांगितलं." आणि तो नारळ निवडायला लागला.

मंगळवारी सकाळी वाडी सीमेवर जमली. मुंबईची माणसं आली होती, नव्या शर्टांत, जरा हिरमुसलेली, कारण राखणीचं मटण यंदा नव्हतं. हर्षदनं कोहळा वाहून आणला होता, आणि खांद्याला रग लागल्याचं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता. वेगळा कौल मागावा का, कोंबड्याऐवजी कोहळा चालेल का, असं कुणी विचारलं, तेव्हा दादू म्हणाला, "इचारायचं कशाला? त्यानं कोंबड्याच्या तोंडून आदीच दिलाय कौल." पुरुष राखणदाराच्या पाषाणापुढे उभे राहिले, बायका मागं, ऐनाच्या झाडाखाली. दादूनं डोक्याला पंचा बांधला, नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बापाकडून आलेलं, आजाकडून आलेलं. शब्द ठरलेले, ठिकाण ठरलेलं.

"हे सीमेच्या, बारा वाटेच्या राखनदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पुरुषांनी साद दिली.

"सालाबादपरमानं तुजी राखन घेऊन आलाव. औंदा कोंबडा नाय. नारल हाय, कोहला हाय, तो गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुज्या नावावर मी लपवालपवी केली. ती चूक तुजी नाय, माजी. पोटात घाल म्हाराजा!"

हे ठरलेल्या शब्दांत नव्हतं. साद जरा उशिरा आली, पण आली. "व्हय म्हाराजा!"

आता घरांची नावं. गाऱ्हाण्यात नावं घ्यायची ती घरकर्त्या पुरुषांची. आजवर तसंच चाललेलं. दादूनं गंगारामाचं घेतलं, हर्षदचं घेतलं, एकेक घर घेत शेवटाला आला. सगळ्यांनी शेवटच्या सादेसाठी तोंड उघडलं. दादू थांबला. त्यानं पंच्यानं तोंड पुसलं.

"आनी आमची सून योगिनी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज सीमेपलीकडे ऐकू जावा एवढा चढला, "जिनं वेलेला आवाज दिला, आमच्या शिव्या खाल्ल्या, माजी लेक नि माजी नात राखली. औंदा वाडीची राखन तिनं केली रे म्हाराजा! तिला सुकात ठेव, तिची शेड पुन्ना भरू दे म्हाराजा!"

साद आली नाही. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. बाईच्या नावाला साद द्यायची की नाही, हे कुणाला कुणी शिकवलंच नव्हतं. गंगारामनं घसा खाकरला आणि तो तसाच खाकरत राहिला.

मग मागून, ऐनाच्या झाडाखालून, एक थकलेला, फाटका, पण कुणाला न जुमानणारा आवाज आला. आनंदीबाईचा.

"व्हय म्हाराजा!"

आणि मागोमाग सगळ्या बायका, मग हर्षद, मग मुंबईची माणसं, आणि सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत मोठ्यानं, गंगाराम.

नारळ फुटला. दादूनं प्रसादाला खोबरं-गुळाची शेरणी केली आणि पहिला घास मागं नेऊन योगिनीच्या हातावर ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. आनंदीबाईनं आपल्या पदरानं ते पुसलं, जरा रागावूनच, लहान पोराचं नाक पुसावं तसं.

"तीन महिने कोंबडी आणता येणार नाही," योगिनी म्हणाली. "मग दवाखान्याचा दाखला मिळाला की पहिली पिल्लं आणीन. पुढच्या राखणीचा कोंबडा मी वाढवते, काका."

"वाडव," दादू म्हणाला. "पन मालक म्हनून नाव तुजंच सांगायचं. देवाचं नाय."